सोया मेणबत्तीवर पांढरा थर येतोय, काय करू?

मीरा_नाशिक: दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्यात. ग्लासातल्या मरून रंगाच्या मेणावर दुसऱ्या दिवशी भुरकट थर येतो, पिठी भुरभुरल्यासारखा. बिनरंगी मेणात काहीच दिसत नाही. ७५ अंशांना ओतते, पंख्याखाली ठेवते. मेणात भेसळ असेल का?

वातवाली_काकू: आधी तो पंखा बंद कर गं! भेसळ नाही, सोया मेण गार होताना त्याचे स्फटिक धरतात, गडद रंगावर ते उठून दिसतात. ग्लास कोमट करून घे, ६०च्या आसपास ओतून बघ, ग्लासांत अंतर ठेव आणि वर खोका उपडा घाल. रात्रभर हात लावायचा नाही.

सुगंधी_सातारा: काचेच्या आत ओले चट्टे दिसतात ते वेगळे, तिथे मेण काचेपासून सुटलेलं असतं. मी थोडं नारळाचं मेण मिसळतो, थर कमी येतो. पण शुद्ध सोयात मरूनचा हट्ट कशाला?

मीरा_नाशिक: गिऱ्हाइकाचा हट्ट आहे हो! तयार मालाचं काय?

वातवाली_काकू: हेअर ड्रायर फिरव, वरचा पापुद्रा वितळला की गुळगुळीत होईल. कडेचा मात्र जाणार नाही. जळायला काही फरक पडत नाही, तसं सांगून दे.