‘अनलोड’ला ‘उतरवणे’ चालेल का?

प्रश्न
एका चित्रसंपादक प्रोग्रॅमचे मेनू मराठीत आणतोय. त्यात प्लगइन, म्हणजे जोडून वापरायची जादा साधनं, लोड-अनलोड करता येतात, म्हणजे मेमरीत आणता आणि काढता येतात. ‘प्लगइन लोड’ला ‘चढवा’ आणि ‘अनलोड’ला ‘उतरवा’ लिहिलं, मालाची चढ-उतार असते तसं. तपासणाऱ्यांनी ‘उतरवा’वर प्रश्नचिन्ह टाकलंय. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद १
प्रश्नचिन्ह रास्त आहे. ‘उतरवून घ्या’ डाउनलोडसाठी रुळलंय, ‘चढवा’ अपलोडसाठी. ‘प्लगइन उतरवा’ वाचून माणूस फाइल यायची वाट बघत बसेल आणि हाताशी असलेलं साधनच गायब होईल.

प्रतिसाद २
मी प्लगइन लिहितो, माझी अडचण क्रियापदाचीच आहे. ‘दहादा उठवलं, उठलाच नाही’ असं आपण सर्रास म्हणतो. पण ‘पेटी उतरवली, उतरलीच नाही’ असं कोण म्हणतं? ‘उतरवणे’ म्हटलं की काम फत्ते झालेलं असतं. इथे तसं नसतं. विंडोजमध्ये प्लगइनचा कोड सहसा डीएलएल नावाच्या फाइलमध्ये असतो. ती मागवणाऱ्या प्रत्येक लोडलायब्ररी आदेशागणिक तिच्या वापराची मोजणी एकाने वाढते, ती सोडणाऱ्या फ्रीलायब्ररीने एकाने घटते. शून्यावर आली की मगच कोड मेमरीतून जातो. म्हणून मी ‘सोडणे’ म्हणतो. आपण हात सोडला तरी दुसऱ्याने धरलेली वस्तू पडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट कोअर या प्रोग्रॅमिंग मंचात ३.० (२०१९) पासून अनलोड करता येणारे लोड कॉन्टेक्स्ट, म्हणजे लोड केलेल्या कोडचे कप्पे, आले, तिथेही अनलोड म्हणजे नुसती सुरुवात. त्या कोडमधल्या एखाद्या ऑब्जेक्टचा (डेटाच्या तुकड्याचा) संदर्भ कुठे अडकून राहिला, की कोड मुक्काम ठोकून बसतो.

उलटी फजितीही होते. माझ्या एका प्लगइनने टायमर लावला होता आणि जाताना तो काढायचा मी विसरलो. डीएलएल गेली, थोड्या वेळाने टायमर वाजला आणि प्रोग्रॅमने जिथे उडी घेतली तिथे काहीच नव्हतं. क्रॅशच्या नोंदीत फंक्शनचं नाव नाही, नुसता पत्ता. आधी टायमर, थ्रेड (समांतर चालणारी कामं), कॉलबॅक (नंतर बोलावण्यासाठी नोंदवलेली फंक्शनं) आवरायचे, मग सोडायचं.

प्रश्नकर्ता
मग सरळ ‘बंद करा’ लिहू?

प्रतिसाद १
नको. बंद केलेलं प्लगइन मेमरीत तसंच राहू शकतं. मेनूत ‘मेमरीतून काढा’ लिहा, ‘सोडणे’ प्रोग्रॅमरांच्या दस्तऐवजात शोभेल.

प्रतिसाद २
मान्य. फक्त लगेच निघालं नाही तर संदेशात ‘काढले’ नको, ‘काढत आहे’ हवं.

प्रश्नकर्ता
ठीक. आणि ‘चढवा’?

प्रतिसाद १
‘लोड करा’. त्याला कुणी अडत नाही.