शाळेच्या गेटसमोरच्या गाड्या कमी करायला कोणाकडे काही जमलंय का?

कोथरूडची_आई
आमची शाळा कर्वे रोडच्या आतल्या गल्लीत आहे, समोरून गाडी आली की एकाला रिव्हर्स घ्यावाच लागतो एवढीच ती गल्ली. आधी प्रायमरी सकाळी ७ ला भरायची तेव्हा रस्ते रिकामे असायचे, पण २०२४ च्या जीआरनंतर चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवायचे नाहीत म्हटल्यावर आमची वेळ बरोब्बर ऑफिसच्या गर्दीत येऊन बसली. पोरांची झोप होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पावणेनऊला गेटवर येऊन बघा, डबल पार्किंग, राँग साइडने घुसलेल्या अ‍ॅक्टिव्हा, एका पोरासाठी एक एसयूव्ही, व्हॅनवाले काका हॉर्न वाजवून वैतागलेत आणि चालत येणारी मुलं या सगळ्यातून दप्तर सांभाळत वाट काढतायत. पालक मीटिंगमध्ये दरवेळी तेच, वॉर्डन ठेवा नाहीतर समोरचा मोकळा प्लॉट पार्किंगला मागा. मला वाटतं पार्किंग दिलं तर अजून गाड्या येतील. कोणी गाड्याच कमी केल्यात का?

पेठेतला
वॉर्डन शिट्टी वाजवणार आणि लोक त्यालाच विचारणार, दोन मिनिटं लावू का? चालत या म्हणणं सोपंय हो, फुटपाथ दाखवा आधी. मनपाचं २०१६ चं पादचारी धोरण आहे, कागदावर चालणारा पहिला. प्रत्यक्षात फुटपाथवर डीपी, पुढे वडापावची गाडी आणि उरलेल्या जागेत बाइका.

वारजेकर
ताई, पार्किंग अजिबात मागू नका. आम्ही वर्गशिक्षिकांकडून यादी घेतली, कोण कुठून येतं ते मॅपवर टाकलं, तर बरीच पोरं मोजक्या सोसायट्यांमधलीच निघाली, एकाच गेटमधून चार गाड्या निघून एकाच शाळेत! मग तिथून आळीपाळीने दोन पालक सगळ्यांना चालत नेतात. विरोध चालण्याला नव्हता, दप्तराला होता, शाळेने जड वह्या वर्गातल्या कपाटात ठेवू दिल्या तेव्हा कुठे आया तयार झाल्या. आणि वेळ म्हणजे वेळ, एकासाठी थांबलात की दुसऱ्या दिवशी सगळेच निवांत येतात. पावसाळ्यात निम्मे परत गाडीवर जातात ते धरूनच चला. अजून एक, जे बाबा पोराला सोडून तसेच ऑफिसला जातात त्यांच्या मागे लागू नका, ते तसेही गाडी काढणारच. सोडून परत घरी येणाऱ्या गाड्या असतात त्या आधी धरा.

कोथरूडची_आई
अशा तर आमच्याकडे भरपूर आहेत! पण लांबून येणाऱ्यांचं काय?

ईस्ट_लंडनहून
इथे बऱ्याच शाळांसमोरचा रस्ता भरताना-सुटताना गाड्यांना बंद करतात, स्कूल स्ट्रीट म्हणतात, मूळ कल्पना इटलीतल्या बोल्झानोची, १९८९ ची. तिथे राहणाऱ्यांना परमिट, बाकीच्यांचा नंबर कॅमेऱ्यात आला की दंड. लांबचे लोक मग कोपऱ्यापलीकडे गाडी लावून पोराला चालत आणतात. गाड्या काही गायब होत नाहीत, सुरुवातीला शेजारच्या गल्लीत उभ्या राहतात आणि तिथले लोक चिडतात, पण थोडं चालायचंच आहे म्हटल्यावर जवळचे काही जण गाडी काढतच नाहीत. तुमच्याकडे दोन बॅरिकेड आणि उभे राहायला पालक एवढ्यावर भागेल, फक्त ट्रॅफिक पोलिसांच्या परवानगीशिवाय रस्ता अडवू नका, भांडणं होतील.

रिटायर्ड_सर
परवानगीसाठी वेगळी धावाधाव कशाला? राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असावीच लागते, मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यात पालक, पोलिस आणि आरटीओचे लोकही येतात. बहुतेक ठिकाणी ती रजिस्टरपुरती असते. लेखी पत्र द्या, बैठक लावा, पोलिस तिथेच समोर बसलेले असतील.

दुसरं, जीआर ९ च्या आधी नको म्हणतो, सगळ्यांना ९ लाच बोलवा असं कुठे म्हणतो? तिसरी-चौथी ९ ला, छोटे साडेनऊला करून बघा. भावंडांचा प्रश्न येईल, तर धाकट्याला मोठ्याबरोबरच आत घ्या, एका बाईंना अर्धा तास आधी यावं लागेल एवढंच. आणि लांबच्यांना व्हॅनच बरी, पण ती गेटपर्यंत पोचली तर ना! गेटसमोरची जागा फक्त व्हॅन आणि बसला ठेवा, कारवाल्यांना कोपऱ्यावर थांबू दे. आपली कार मागे अडकलीये आणि व्हॅन सरळ गेटवर जातीये हे चार दिवस बघितलं की व्हॅनच्या फीबद्दलची कुरकुर बरीच कमी होते.