‘चॅपेल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या हेप्टनस्टॉल या डोंगरमाथ्यावरच्या विणकरांच्या गावात मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं १७६४ सालचं अष्टकोनी चॅपेल, म्हणजे उपासनेची वास्तू आहे. त्यावर लेख लिहितेय. ‘चर्च’ म्हणावं तर गावाचं चर्च वेगळं आहे. ‘प्रार्थनामंदिर’ चालेल का?

— नको. त्या शब्दाने प्रार्थना समाजाची वास्तू डोळ्यांसमोर येते.

— गोव्यात ‘कोपेल’ म्हणतात, पोर्तुगीज ‘कापेला’वरून. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लहानसा झगा. संत मार्टिनचा झगा जिथे जपून ठेवला होता त्या जागेला ते नाव पडलं. पण कोपेल म्हणजे मोठ्या इगर्जीच्या, म्हणजे गावच्या मुख्य चर्चच्या, हाताखालची वाडीवरची छोटी वास्तू. मेथडिस्टांच्या चॅपेलचं तसं नाही, त्यामुळे इथे तो शब्द फसवेल.

— मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली स्वतः अशा वास्तूला काय म्हणायचा ते पाहा: प्रवचनाचं घर. आपले लोक इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्येच राहावेत असं त्याला वाटे, म्हणून दुसरं ‘चर्च’ उभारल्याचं तो म्हणणार नव्हता. आणि घराचा आकारही त्या नावातूनच आलाय! नॉरविचचं प्रेस्बिटेरियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं अष्टकोनी चॅपेल त्याने १७५७मध्ये पाहिलं आणि ते त्याच्या मनात भरलं. पुढे १७७०च्या नियमांत त्याने लिहिलं, की जागा असेल तिथे अष्टकोनच बांधा, आवाजाला तो सगळ्यात चांगला. बाकांना पाठ नको, मधोमध कठडा घालून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. म्हणजे आधी ऐकण्याचा विचार, मग भिंती. हेप्टनस्टॉलच्या छताची लाकडं रॉदरहॅमला घडवून घोड्यांवर लादून डोंगरापार आणली, असं सांगतात. १८०२मध्ये माणसं मावेनात म्हणून इमारत लांबवली. आज ती ताणलेल्या अष्टकोनासारखी दिसते, तेव्हा लेखात नुसतं ‘अष्टकोनी’ लिहू नका. माझं मत : विशेषनामात ‘चॅपेल’ ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला ‘प्रवचनघर’ म्हणून उलगडा करा. ‘गृह’पेक्षा ‘घर’ बरं, विणकरांच्या साध्या वास्तूला शोभतं.

प्रश्नकर्ती : ‘प्रवचनघर’ फार आवडलं, तेच घेते. आणि वरच्या बाकांच्या मजल्याला ‘गॅलरी’?

— गॅलरी म्हटलं की वाळत घातलेले कपडे आठवतात. ‘सज्जा’ लिहा.