गायरानावर सोलर प्रकल्प येतोय, ग्रामसभेच्या ठरावात काय काय लिहून घ्यावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बार्शी तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला ४६ एकर गायरान आहे. त्यातल्या २२ एकरांवर ५ मेगावॅटचा सोलर प्रकल्प येणार, अशी नोटीस गेल्या महिन्यात पंचायतीच्या फळ्यावर लागली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघणार आहे. ठरावाचा मसुदा तू करून दे, असं चार जाणत्या माणसांनी मला सांगितलंय. म्हणून हा धागा.

आधीच सांगतो, मला प्रकल्प हवाय. आमच्या शेती फीडरला (शेतीपंपांची वेगळी वीजलाईन) एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात धाकटा भाऊ एक वाजता उठतो, गमबूट घालतो, डोक्याला बॅटरी बांधतो आणि उसाला दारं धरायला (पाणी द्यायला) जातो. बारा फुटी उसात सरीत काय बसलंय ते बॅटरीला दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वस्तीवरच्या एकाला अशीच दारं धरताना घोणस चावली. माणूस वाचला, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. तेव्हापासून रात्रपाळी लागली की आई जागीच असते, भावाची मोटरसायकल अंगणात वाजेपर्यंत.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून सबस्टेशनजवळ सोलर उभारून शेती फीडरला दिवसा लाईट देतात. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला ३ मेगावॅटचा असा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. शिवाय देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच आहे. आमची मोटर रात्री ओढते ती वीज कुठल्यातरी बॉयलरमधूनच येते. तेव्हा सोलर नको असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अडचण आहे ती जागेची.

प्रकल्पाच्या कागदावर गायरानासमोर ‘पडीक’ लिहिलंय. हा शब्द वाचून मला फार वाईट वाटलं. मागच्या रविवारी मी बापूंसोबत माळावर गेलो होतो. बापू आमच्या गावचे मेंढपाळ, दीडशेच्या वर मेंढरं आहेत त्यांची. पहिल्या पावसानं पवन्या आणि मारवेल हिरवं व्हायला लागलंय, उतारावर कुसळी आहे. मोजणीवाल्यांनी चुन्यानं रंगवलेले खुंट ठोकलेत. त्यातल्या एका खुंटापासून दोन हातांवर टिटवीनं चार अंडी घातली होती, उघड्या मुरमावर, चारही टोकं आत करून. खड्यांत अशी मिसळलेली की बापूंनी काठी आडवी धरली नसती तर माझा पाय पडला असता. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती. बापू म्हणाले, ‘पन्नास वर्षं बघतोय, ही दरसाल हितंच बसती.’ चंडोल, ससे, खोकडं आहेत. हिवाळ्यात लांडग्याच्या पायखुणाही दिसतात. ज्या माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य १९७९ साली झालं, तो पक्षी अशाच माळरानावर जगतो, आणि नान्नज आमच्या सोलापूर रस्त्यावरच आहे.

सोलर प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी लागत नाही. प्रदूषणाच्या वर्गवारीतही तो पांढऱ्या, म्हणजे जवळपास प्रदूषण न करणाऱ्या गटात येतो. धूर नाही, सांडपाणी नाही, त्यामुळे ते ठीकच आहे. पण याचा अर्थ असा की माळावर काय चरतं, काय अंडी घालतं, हे विचारायला कुठलंच ऑफिस येणार नाही. विचारलं तर ग्रामसभेतच विचारलं जाईल, आणि नंतर दाखवायला ठरावाचा कागद तेवढा राहील. म्हणून तो नीट लिहायचाय.

आता माझे प्रश्न.

जागा बदलता येते का? माझ्या चुलत्यांचं आणि आणखी तिघांचं मिळून सव्वीस एकर खडकाळ रान सबस्टेशनपासून दोन किलोमीटरवर आहे. तिथं हुलगासुद्धा धड येत नाही. खाजगी जमिनीला योजनेत एकरी ५० हजार वार्षिक भाडं आणि दरसाल ३ टक्के वाढ आहे, त्यामुळे चौघंही तयार आहेत. कंपनीचा माणूस मात्र म्हणतो, ‘गायरानाची मोजणी झाली, आता बदल होत नाही.’ सातबाऱ्यावर एकच नाव ‘सरकार’, त्यामुळे त्यांना गायरान सोपं पडतं हे मी समजू शकतो. पण महसूल अधिनियमाच्या कलम २२-अ मध्ये गुरचरणाची, म्हणजे गायरानाची जमीन दुसऱ्या कामाला देण्यावर बंधन आहे, सार्वजनिक कामासाठी द्यायची तरी दुसरी योग्य सरकारी जमीन नाही हे बघावं लागतं. ते बघितलं का, हे लेखी कोणाला विचारायचं? तहसीलदारांना की थेट कलेक्टर ऑफिसला? कोणी असा अर्ज केला असेल तर त्यातली भाषा कशी होती ते सांगा.

समजा गायरानावरच झालं, तर पॅनेलखाली मेंढरं चारता येतील का? परदेशात चारतात हे वाचलंय. मेंढरं चालतात, शेरडं नाही, कारण शेरडं वर चढतात आणि वायरी कुरतडतात. पण त्यासाठी पॅनेलची खालची कड जमिनीपासून किती उंच लागते? आपल्याकडे कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? नसेल चारू देत, तर खालचं गवत ते कसं काढतात? मशिननं कापतात की तणनाशक मारतात? माळाच्या उताराखाली गावाची पाण्याची विहीर आहे, त्यामुळे तणनाशक नको हे मी ठरावात लिहिणारच आहे. ते नंतर करारातही उतरतं का, की ठरावातच राहतं?

पॅनेल धुवायला पाणी कुठून आणतात? एप्रिल-मेमध्ये आम्हाला टँकर लागतो. नवीन बोअर मारणार नाही, ही अट घालता येते का? कोरड्या ब्रशनं साफ करतात असं ऐकलंय, अनुभव असेल तर लिहा.

कंपाऊंड झालं की पाझर तलावाकडे जायची गुरांची वाट बंद होते. नकाशात ती वाट कुठंच नाही, कारण ती गुरांनीच पाडलेली आहे. ती ठरावात कशी दाखवायची? मी मोबाईलवर चालत जाऊन तिची नोंद घेतली आहे, एवढं पुरतं का?

आणि सबस्टेशनपर्यंतची लाईन. साध्या उघड्या तारांऐवजी रस्त्याकडेनं जमिनीखालून केबल मागितली तर हसतील का? माळढोक तारांना धडकून मरतात म्हणून राजस्थान-गुजरातच्या लायनींचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. आमच्याकडे आता माळढोक दिसत नाही, पण बाकीचे पक्षी आहेतच.

या प्रकल्पांसाठी ग्रामपंचायतीला तीन वर्षं ५-५ लाख मिळतात. सरपंचांचा कल त्यामुळे लवकर ठराव करण्याकडे आहे. माणूस चांगला आहे, शाळेच्या खोल्या व्हाव्यात असं त्याला मनापासून वाटतं. त्याच्याशी भांडायचं नाहीये मला. जागा बदलली तरी पैसे मिळतात का, एवढं कोणी खात्रीनं सांगितलं तर निम्मं काम होईल.

कृपा करून ‘सोलर म्हणजे फसवणूक’ किंवा ‘विकासाला आडवे येता’ असले प्रतिसाद नकोत. ज्यांच्या गावात असा ठराव झालाय त्यांनी गावाचं नाव झाकून फोटो टाकला तरी चालेल. मसुदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे द्यायचाय.

भर: काल संध्याकाळी परत जाऊन आलो. तीन अंडी फुटलीत, पिल्लं खुंटाच्या सावलीत दबून बसली होती. चौथं अजून आहे. मोजणीवाले गुरुवारी पुन्हा येणार आहेत, त्यांना फोन करून तेवढा कोपरा सोडायला सांगितलंय. ते हो म्हणालेत.