सोमाची गोळी आणि पोस्ताचा पेला

लष्करवासी :
ऑल्डस हक्सले यांच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (1932) या भविष्यातल्या समाजावरच्या कादंबरीतली ‘सोमा’ या सुखद गुंगी आणणाऱ्या औषधाची गोळी हेच तिथल्या सत्तेचे मुख्य शस्त्र आहे, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. तिथली माणसे बाटलीत वाढवली जातात, त्यांचा वर्ग जन्माआधीच ठरतो आणि झोपेत त्यांच्या कानी बोधवचने पडत राहतात. गोळी हाती येईपर्यंत त्यांना वाकवून झालेले असते. औषधाने माणूस मोडण्याचे खरे उदाहरण आपल्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर आहे. कैदेतल्या मोगल शाहजाद्यांना खसखशीची बोंडे रात्रभर भिजवून केलेले ‘पोस्त’ सकाळीच पाजत आणि ते प्यायल्याखेरीज अन्न देत नसत, असे फ्रेंच वैद्य बर्नियर लिहितो. औरंगजेबाचा भाऊ दारा शिकोह याचा मुलगा सुलेमान शिकोह याने तर पोस्त देणार असाल तर आत्ताच मारून टाका, अशी औरंगजेबाला विनवणी केली होती. (1662 मध्ये तो याच किल्ल्यावर मेला.)

मुरारकर :
उदाहरण चांगले आहे, पण ते आपल्याच विरोधात जाते. पोस्त पाजायला पहारेकरी लागत, सोमा घ्यायला लोक स्वतः रांग लावतात. मग अधिक प्रभावी शस्त्र कोणते? पाळी संपल्यावर शिधा घ्यायला आलेल्या डेल्टा या खालच्या वर्गातल्या कामगारांच्या गोळ्या, त्या समाजाबाहेर वाढलेला जॉन खिडकीबाहेर फेकतो, तेव्हा ते त्याच्यावरच धावून जातात आणि पोलिसांना सोमाची वाफ फवारावी लागते. बाटलीतले संस्कार एवढे पक्के असते, तर एक शिधा बुडताच दंगल का व्हावी?

लष्करवासी :
ती दंगल शिध्यासाठी होती, राज्याविरुद्ध नव्हे. ज्यांना खरोखर प्रश्न पडतात त्या बर्नार्ड आणि हेल्महोल्ट्झ या कादंबरीतल्या दोघा मित्रांना शेवटी बेटांवर पाठवावे लागते. गोळी पुरेशी असती तर बेटे कशाला ठेवली असती?

दौलतगंज :
आपण दोघेही लिंडाला विसरलात. जॉनची ही आई अनेक वर्षे बाहेर राहून त्या समाजात परत येते तेव्हा ती स्थूल आणि वयस्क दिसते, म्हणून त्या समाजाला नकोशी होते. ती दिवसाला वीस ग्रॅमपर्यंत सोमा घेऊ लागते. त्याने ती महिन्या-दोन महिन्यांत मरेल हे ठाऊक असूनही डॉक्टर तिला अडवत नाही. नकोसा माणूस संपवण्याचे किल्ल्यावरचेच काम इथे तिच्या मागणीवरून होते, त्यामुळे कोणावर खुनाचा आळ येत नाही. लष्करवासी, या प्रसंगात गोळी दुय्यम कशी, ते कृपया सांगावे.