मदत हवी आहे : जुन्या थिएटरचं वय कसं काढायचं?

एका छोट्या गावातल्या बंद थिएटरचा इतिहास लिहितोय. कागदपत्रं जवळपास नाहीतच, म्हणून भिंतींनाच विचारतोय. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या झरोक्यांना लोखंडी झडपा आहेत, म्हणजे भडकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मचा काळ असावा. कोडॅकने ती १९५१च्या सुमारास बंद केली. पडद्याची चौकट मात्र दोन्ही बाजूंनी फोडून रुंद केलीय. सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्यावरच्या सिनेमाचं तंत्र, १९५३चं, तेव्हा हे काम त्यानंतरचंच. कोपऱ्यात प्रोजेक्टरच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांची थोटकं सापडली, तांब्याचा मुलामा अजून शाबूत!

अडलंय ते मूकपटांपाशी. पडद्यामागची स्पीकरची जागा मूळ बांधकामातली की बोलपट आल्यावर काढलेली, हे कशावरून ओळखायचं? आणि आधी काय धुंडाळू, परवान्याच्या नोंदी की जुन्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती? कुणी असं काम केलंय का?