'कॅट सूप'चा शेवट: शेवटी सगळे गायबच व्हायचे होते तर मग एवढा खटाटोप कशाला?

मृण्मयी: २००१ ची जपानी ॲनिमेशन शॉर्टफिल्म, तात्सुओ सातोची, अर्ध्या तासाची. न्यात्ता मांजराचं पिल्लू, त्याची ताई न्याको मरायला टेकलेली. जिझोसारखा, म्हणजे जपानमधल्या मुलांच्या रक्षक बोधिसत्त्वासारखा दिसणारा कोणीतरी तिला हाताला धरून घेऊन चाललाय, हा दुसरीकडून ओढतो आणि तिचा आत्मा मधोमध फाटतो, अर्धाच याच्याकडे येतो. मग उरलेल्या अर्ध्यासाठी फूल शोधत फिरायचं. ते मिळतं, ताई भानावर येते, आणि शेवटी टीव्हीसमोर बसलेलं घरचं एकेक माणूस पटकन नाहीसं होतं. मला हे अजिबात पटलेलं नाही. पोराच्या जिद्दीवर पाणीच टाकलं.

कौस्तुभ: पाणी कुठे टाकलं? ताई आली ना परत? कायमची राहील असं कुणी कबूल केलं होतं? आईबाप, बहीण सगळी जाणारच आहेत, म्हणून आत्ता ओढायचं नाही का!

रेवा: मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, नेकोजिरू या चित्रकर्तीची, तिने १९९८ मध्ये आत्महत्या केली. हे कळल्यावर मला तरी तो शेवट तिचाच निरोप वाटतो.

कौस्तुभ: रेवा, इथे माझा ठाम विरोध. ती गेल्यावर तीन वर्षांनी आलेली फिल्म आहे, पटकथा सातो आणि मसाआकी युआसाची. दुसऱ्यांनी लिहिलेल्या शेवटाला तिची चिठ्ठी ठरवणं हा तिच्यावर अन्याय आहे, तिच्या मरणाशिवाय तिचं काही वाचायचंच नाही असं होतं मग.

मृण्मयी: हे मान्य. पण क्रूरपणाचं काय? डुकराच्या पोटाची चेन उघडून त्याचंच मांस कापून खातात, त्यालाही खायला घालतात. लहान भावंडांच्या गोष्टीत हे कशाला हवं?

रेवा: मला तेच खरं वाटलं गं. ताईसाठी जीव टाकणारं पोर दुसऱ्या जिवाशी असं वागतं, लहान मुलं वागतातच. मला जास्त लागलं ते अर्ध्या आत्म्याची न्याको. चालते, पण नजरेत काही नाही, आणि तो तिला सगळीकडे सोबत नेतो. स्ट्रोकनंतर आमची आजी अशीच होती, समोर असून नसल्यासारखी, आणि आई तिच्याशी रोज नेहमीसारखं बोलायची.

मृण्मयी: म्हणूनच तर म्हणते, इतकं करणाऱ्याला शेवटी निदान एक रात्र तरी सगळ्यांसोबत द्यायची होती.